यामा काय शे?

आमच्या शहाद्यात पाहुणा घरी आला की आधी पाणी, मग पाऊसपाणी आणि मग कामाचं बोलणं, असा रिवाज आहे. बैठकीत एक चित्र लावल्यापासून मात्र तो पार मोडला. आता पाहुणा चपला काढता काढताच विचारतो, ‘‘भाऊ, यामा काय शे?’’

चित्र कसलं, वासुदेव गायतोंडे यांच्या एका कॅनव्हासची कॅलेंडरातून कापलेली छापील प्रत. पिवळा रंग हळूहळू गेरूकडे सरकतो, मध्येच काही पुसट खुणा. बाई नाही, झाड नाही, बैलगाडी तर नाहीच. ‘‘काही नाही,’’ असं खरं सांगावं, तर ‘‘मग लावलंत कशाला?’’

आता हीच मंडळी साडीच्या दुकानात पाहा. वहिनी शंभर घड्या मोडायला लावतात, ‘‘मोरपंखीच, पण जरा दबका’’ म्हणतात. तेव्हा कोणाची छाती होते, ‘‘वहिनी, या रंगाचा अर्थ काय?’’ असं विचारायची? हंगामात नंदुरबारला मिरचीच्या पथारी पसरतात. नजर जाईल तिथवर लाल! आपण शिंकत शिंकत ‘वा!’ म्हणतो. गवई नुसत्या आकारावर अर्धा तास आलापी करतो, आपण माना डोलावतो. बैलगाडीची सक्ती तेवढी चित्रकारावरच का?

दुसरा आरोप ठरलेला : ‘‘असलं तर आमचा बाळूही काढील!’’ जरूर काढू द्या. गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले आणि १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून बाहेर पडले. माणसं काढता येत नव्हती असं नव्हे; येत होती, आणि ती त्यांनी सोडली. पुढे ब्रशही बाजूला ठेवून रोलर आणि सुरी हाती घेतली. रंगाचा थर द्यायचा, त्यावर दुसरा, मग वरचा खरवडून खालचा उजेडात आणायचा. वर्षाकाठी चित्रं होत ती जेमतेम पाच-सहा. आमच्याकडे भिंती रंगवायला येतो तो गडीही रोलरच फिरवतो. पण खालचा थर दिसला की आपण त्याचे पैसे कापतो!

२०१३ साली मुंबईच्या लिलावात गायतोंडे यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. हा आकडा सांगताच एका पाहुण्याने माझ्या कॅलेंडरालाच नमस्कार केला. त्याला एकाएकी त्यात बरंच काही दिसू लागलं. खुद्द गायतोंडे २००१ सालीच गेले होते.

एवढं तावातावाने लिहितोय खरा, पण सर्वांत मोठा गुन्हेगार मीच. आमच्या पाच वर्षांच्या नातीने एकदा कागदभर लाल रंग फासला. कोपरासुद्धा सोडला नाही. नाक, फ्रॉक, फरशी, सगळं लाल. मी कौतुकाने वाकलो आणि तोंडातून निघून गेलं, ‘‘बेटा, हे काय आहे गं?’’

तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दुसरा कागद घेतला आणि दोन डोंगर, मध्ये सूर्य, एक घर आणि शेजारी नारळाचं झाड काढलं. शहाद्यात नारळ!

तेव्हापासून ती डोंगरच काढते. सातपुडा इतका जवळ असून मला आता डोंगर बघवत नाहीत. म्हणून हात जोडून सांगतो, घरातल्या पोराने कागद रंगवला तर ‘यामा काय शे?’ म्हणू नका. विचारायचंच झालं, तर ‘रंग संपला का गं?’ एवढंच विचारा.