चौकातील बाकडे कोणाचे?

१ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी नगरहून पुण्याला निघाली, ती सुप्यावरूनच गेली. वाहतूक ही समाजाची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्या गाडीने या रस्त्यावर आणले. परंतु गाडी सार्वजनिक झाली, तरी तिची वाट पाहणाऱ्या माणसाची सोय मात्र अद्याप दात्याच्या मर्जीवर सोडलेली दिसते.

सुप्यात आज औद्योगिक वसाहत आहे. जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र क्षेत्र आहे. पाळी संपवून परतणारा कंत्राटी कामगार, पारनेरच्या कोरडवाहू गावांतून बाजाराला येणारी शेतकरी स्त्री, शाळकरी मुलगी, या मोटार नसलेल्या माणसांना चौकातील निवारा, बाकडे, दिवा, पाणपोई व कचरापेटी या शोभेच्या वस्तू कशा वाटतील? त्यांच्या वाट्याला येणाऱ्या मोजक्या सामाजिक संपत्तीतच त्यांची गणना होते.

तालुक्याच्या गावांतून ही संपत्ती जमते कशी? एक बाकडे निधीतून, दुसरे कोणाच्या स्मरणार्थ, तिसरे निवडणुकीच्या तोंडावर. प्रत्येकाची घडण निराळी. सारखे असते ते पाठीवर कोरलेले नाव. खासदार निधी १९९३ साली सुरू झाला. त्यातून उभारलेल्या वस्तूंची देखभाल स्थानिक संस्थेने करावी, अशी अपेक्षा असते. श्रेय वरच्याचे आणि खर्च गावाचा, असा हा व्यवहार आहे.

पाण्याची ददात असलेल्या तालुक्यात बाकड्यांची चर्चा कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप रास्त आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातील ग्रामपंचायत अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिला होता, आणि ते योग्यच होते. परंतु उरलेला पैसा तुटपुंजा असतो, म्हणूनच तो उधळता कामा नये. खरेदीची किंमत ही वस्तूची खरी किंमत नव्हे. पंधरा वर्षांत रंग, दुरुस्ती व सुटे भाग यांवर होणारा खर्च तीत मिळविला, म्हणजे सर्वांत कमी दराची निविदा पुष्कळदा सर्वांत महाग ठरते. साऱ्या चौकासाठी एकच नमुना ठरविला, तर साचा एक, सुटे भाग एक, आणि मोडलेली फळी गावातलाच सुतार किंवा वेल्डर बदलू शकतो. एकसूत्रतेचे खरे समर्थन सौंदर्यात नसून या हिशेबात आहे.

याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, पुण्यात, महानगरपालिकेने २०१६ साली रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद पादपथ व बाकडी आणली. पायी चालणारा प्रथम, हे सूत्र तेथून जरूर घ्यावे. नमुना मात्र आपला असावा. वैशाखात तापणाऱ्या पोलादी बाकड्यापेक्षा झाडाखालचा दगडी पार आपल्या पूर्वजांना अधिक कळला होता.

निवड ठेकेदाराच्या छापील पुस्तकातून होऊ नये. ती ग्रामसभेत व्हावी. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. दिवा कोठे हवा, हे रात्री त्या वाटेने येणारी स्त्रीच सांगू शकेल. देखभालीसाठी अंदाजपत्रकात दरवर्षी स्वतंत्र रक्कम ठेवावी, आणि ज्या कारखान्यांचे कामगार चौकात ताटकळतात त्यांनी तिला हातभार लावावा. पण बाकड्यावर नाव कोणाचेच नसावे. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत एवढा ठराव मांडला, तरी मोठे काम होईल. जे सर्वांचे आहे ते सर्वांनी सांभाळावे, हा धडा समाजवादाने चौकातील बाकड्यावरच गिरवावा लागतो.