विद्यार्थ्यांची इर्जिक

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले म्हणजे खेड, मावळ व हवेली तालुक्यांतील पुष्कळ गांवीं एक ओळखीचा देखावा दिसूं लागतो. पुणें, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी येथील महाविद्यालयांतील पन्नास-साठ विद्यार्थी व विद्यार्थिनी गांवच्या शाळेंत अथवा देवळाच्या सभामंडपांत मुक्कामास येतात. सकाळीं प्रभातफेरी निघते, दुपारपर्यंत श्रमदान चालतें, तिसऱ्या प्रहरीं व्याख्यान होतें, रात्रीं करमणुकीचा कार्यक्रम होतो. आणि सातव्या दिवशीं समारोपाचीं भाषणें होऊन, नारळ देऊन मंडळी परत जातात. गांव पुन्हां आपल्या उद्योगास लागतें. या सात दिवसांनीं गांवाच्या पदरांत काय पडलें, हा हिशेब मांडण्याची मात्र आपल्याकडे चाल नाहीं. बियाण्याचा व खताचा हिशेब ठेवणाऱ्या आम्हां लोकांनीं तो येथेंच कां टाळावा, हें आम्हांस कळत नाहीं.

ही योजना कोठून आली, हें प्रथम सांगितलें पाहिजे. विद्यार्थ्यानें शिकत असतांनाच कांहीं राष्ट्रसेवा करावी, हा विचार स्वातंत्र्यानंतर लवकरच पुढें आला. 1959 सालीं चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें अशी सेवा सक्तीची असावी असें सुचविलें होतें. पुढें अनेक देशांतील अनुभव पाहून ती ऐच्छिक ठेवण्याचा विचार प्रबळ झाला. आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, 24 सप्टेंबर 1969 रोजीं, तत्कालीन शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनीं 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. तिच्या नियमांप्रमाणें स्वयंसेवकानें दोन वर्षांत मिळून 240 तास सेवा करावयाची असते, आणि त्याशिवाय दत्तक घेतलेल्या गांवीं किंवा वस्तींत सात दिवसांचें विशेष शिबिर भरवावयाचें असतें. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर तर पदवीच्या अभ्यासक्रमांतच समाजांत जाऊन करावयाच्या कामास श्रेयांक देण्याची तरतूद झाली आहे. अर्थात् विद्यार्थी यापुढें आपल्या दाराशीं अधिकच येणार.

आतां हिशेब पाहूं. पन्नास विद्यार्थी रोज चार तास याप्रमाणें सात दिवस राबले, तर 1,400 तास होतात. आठ तासांचा एक रोज धरिला तर 175 रोज झाले. ही मदत लहान नाहीं. परंतु शिबिराबाहेर वर्षाकांठीं प्रत्येक स्वयंसेवकाकडे 120 तासांचें काम असतें, तिकडे आपलें लक्षच जात नाहीं. शंभर स्वयंसेवकांच्या एका पथकाचे हे तास 12,000, म्हणजे 1,500 रोज होतात. शहरापासून दूर असलेल्या खेड्यास या तासांचा उपयोग होणें कठीण. पण आमच्या पट्ट्याची स्थिति निराळी आहे. पिंपरीस 1954 सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, 1962 सालीं औद्योगिक विकास महामंडळ निघालें, 1982 सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि 1990 नंतर चाकणच्या माळावर कारखाने उभे राहिले. त्यांच्या मागोमाग महाविद्यालयेंही आलीं. आज कित्येक ठिकाणीं महाविद्यालयाची भिंत आणि कांद्याचें वावर यांमध्यें एक रस्ता काय तो उरला आहे. जें शहर आमच्या जमिनी घेत आलें, तेंच शहर शिकलेलीं माणसें आमच्या बांधापर्यंत घेऊन आलें आहे. पहिल्या गोष्टीची किंमत आपण मोजली; दुसरीचा लाभ मात्र घेतला नाहीं.

यांत दोष कोणाचा? महाविद्यालयांकडे बोट दाखविणें सोपें आहे. पण खरें सांगावयाचें तर गांवानें या मुलांस काम तरी कोणतें दिलें? देऊळ झाडणें, शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहिणें, रस्त्याकडेचें गवत काढणें, आणि ज्यांस चैत्रांत पाणी घालणारा कोणी नसतो अशीं रोपें लावणें. हीं कामें वाईट नव्हेत. परंतु त्यांसाठीं पदवीचे विद्यार्थी बोलावण्याचें कारण नव्हतें. शिवाय तीं चाललीं असतां आपण पारावर बसून पाहत होतों, हें त्याहून वाईट.

परक्या हातांची मदत कशी घ्यावी, याची उत्तम रीत वाडवडिलांनीं आपणांस घालून दिली आहे. ती म्हणजे इर्जिक. ज्याच्या शेतांत इर्जिक असेल त्यानें काम आधीं ठरवावयाचें, हंगाम पाहून आवतण द्यावयाचें, स्वतः सर्वांच्या पुढें राहावयाचें, आलेल्यांस पोटभर जेवूं घालावयाचें, आणि दुसऱ्याची पाळी येतांच आपले बैल घेऊन हजर व्हावयाचें. घरधनी बांधावर बसला आणि पाहुणेच औत धरून राहिले, अशी इर्जिक कोणी पाहिली नाहीं. विद्यार्थ्यांच्या सेवेसही हेच नियम लावावे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

पहिली गोष्ट हंगामाची. शिबिरांत वनराई बंधारा बांधण्याची पद्धत आतां रूढ झाली आहे. मोहन धारिया यांनीं 1986 सालीं स्थापन केलेल्या वनराई संस्थेनें हा स्वस्त उपाय लोकांपुढें ठेविला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती किंवा वाळू भरून, तोंडें शिवून, त्या ओढ्याच्या पात्रांत सांधेमोड करून रचावयाच्या, एवढेंच त्याचें तंत्र. परंतु हा बंधारा पाऊस ओसरल्यावर लगेच, म्हणजे आश्विन-कार्तिकांत, ओढा चांगला वाहत असतांनाच घातला पाहिजे. तरच अडलेलें पाणी आसपासच्या विहिरींत मुरून रब्बीच्या उपयोगीं पडतें. शिबिर येतें तें महाविद्यालयाच्या सोयीनें, डिसेंबर-जानेवारींत. तोंपर्यंत लहान ओढ्यांची धार बारीक झालेली असते. हें वरातीमागून घोडें झालें. महाविद्यालय तासाभराच्या वाटेवर असतां सात दिवसांच्या मुक्कामाची वाट कशास पाहावी? दसऱ्यानंतरचे दोन रविवार मागून घ्यावे. गोण्या, फावडीं व सुतळी गांवानें आधीं तयार ठेवावी. आणि ओढ्याची जागा जाणत्या शेतकऱ्यानें दाखवून द्यावी.

दुसरी गोष्ट कामाच्या निवडीची. विद्यार्थ्याचा हात कुदळीस नवखा असतो, पण मोजमाप, नोंद आणि गणित यांस तो सरावलेला असतो. आपल्या शेतींत नेमकी याचीच उणीव आहे. विहिरींचेंच उदाहरण घ्या. सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठराविक निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वेळोवेळीं घेते. गांवांतील प्रत्येक विहिरीची नोंद ठेवणें तिच्या आवांक्यांतील काम नव्हे. परंतु वजन बांधलेला मोजपट्टा घेऊन चार विद्यार्थी एका दिवसांत वीस-पंचवीस विहिरी सहज मोजतील. ऑक्टोबरच्या अखेरीस एकदां आणि मेअखेर एकदां अशी मोजणी दरवर्षीं झाली, तर तीन-चार वर्षांत गांवाच्या हातीं पाण्याची खरी वही येईल. चाकणच्या बाजारास कांदा पुरविणाऱ्या शेतकऱ्यास हिचें मोल सांगावयास नको. कार्तिकांत विहिरींत किती पाणी आहे आणि मागील सालीं याच दिवशीं किती होतें, हें कळलें म्हणजे गरवा कांदा किती क्षेत्रावर लावावा हें अंदाजावर सोडावें लागणार नाहीं. फाल्गुनांत विहीर तळास गेली आणि कांदा पोसण्यापूर्वींच पाणी तुटलें, असा प्रसंग आपल्यांपैकीं किती जणांवर आला असेल, तें ज्यानें त्यानें आठवावें.

मातीची गोष्ट तशीच. 2015 सालापासून जमीन आरोग्यपत्रिका मिळूं लागल्या. परंतु नमुना चुकीचा घेतला तर पत्रिकेचा कागद व्यर्थ होय. शेतांत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणीं वीतभर खोल खड्डा घेऊन, त्याच्या कडेची माती वरपासून तळापर्यंत सारखी खरवडून एकत्र करावी. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावे, आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत हेंच करीत जावें. बांधाजवळची, झाडाखालची वा उकिरड्यालगतची माती घेऊं नये. हें काम नीट शिकविलेला विद्यार्थी उत्तम करील. आणि पत्रिका आल्यावर ती घरांतील वडीलधाऱ्यांस वाचून समजावूनही देईल. यासाठीं पीक निघाल्यानंतरचा उन्हाळ्याचा काळ योग्य असल्यानें गांवांतीलच जीं मुलें महाविद्यालयांत जातात, त्यांस सुटींत हें काम सोंपवितां येईल.

हें अशक्य आहे असें कोणी म्हणेल तर त्यानें कृषि महाविद्यालयांकडे पाहावें. तेथील शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठीं गांवांत येऊन शेतकऱ्यांशीं जोडले जातात. कृषिदूत व कृषिकन्या या नांवांनीं आपण त्यांस ओळखतों. बीजप्रक्रिया, बोर्डो मिश्रण, कलम बांधणें यांचीं प्रात्यक्षिकें ते दाखवितात आणि शेतकऱ्यापासून कितीतरी शिकूनही जातात. एका घराशीं व एका वावराशीं संबंध जडल्यामुळेंच हें घडतें. त्याचप्रमाणें 2016 सालीं पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेंत वरूड, अंबाजोगाई व कोरेगांव या तीन तालुक्यांतील 116 गांवें उतरलीं, तेव्हां गांवच्या निवडक माणसांस आधीं शिक्षण देण्यांत आलें होतें. पुढील वर्षांत शहरांतून श्रमदानास लोक आले, ते गांवानें आंखून ठेवलेल्या चरांवर कुदळ चालवावयास आले. काम गांवाचें होतें, हात पाहुण्यांचे होते. यश आलें तें या क्रमामुळें.

तिसरी गोष्ट, कोणतें काम देऊं नये ही. पवना व इंद्रायणी या नद्यांतील जलपर्णी काढावयास दरवर्षीं विद्यार्थी उतरतात. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतों. परंतु प्रक्रिया न केलेलें सांडपाणी नदींत येत राहिलें तर जलपर्णी पुन्हां माजणारच, आणि आळंदीस वारकऱ्यांच्या पायांशीं फेंस दिसावयाचाच. ज्यांचें हें कर्तव्य आहे त्यांनीं तें न करतां मुलांच्या श्रमाआड उभें राहावें, हें आम्हांस मान्य नाहीं. मुलांकडून कांहीं करवून घ्यावयाचेंच असेल तर कोणता नाला कोठें मिळतो, कोणत्या महिन्यांत पाण्यास कसा रंग व वास येतो, याची तारीखवार नोंद करवून घ्यावी. असा कागद ग्रामसभेच्या ठरावास जोडला गेला म्हणजे त्यास वजन येतें. तसेंच ज्या कामाचे पैसे कंत्राटदारास मिळतात, किंवा ज्यावर गांवच्या मजुराची चूल पेटते, तें काम विद्यार्थ्यांकडून फुकट करवून घेणें अन्यायाचें होय.

येथें एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. हीं मुलें प्रमाणपत्रासाठीं येतात, छायाचित्रें काढतात आणि जातात; त्यांस गांवाची आंच कोठें आहे? या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु इर्जिकेस येणारा शेजारीही आपली पाळी मनांत धरूनच येत असे. म्हणून त्याच्या नांगरटीचें तास उथळ होत नसे. माणूस कशासाठीं आला यापेक्षां त्यास काम कसें मिळालें, यावर पुष्कळ अवलंबून असतें. निरर्थक काम दिलें तर निष्ठावंतही कंटाळतो, आणि उपयोगाचें दिलें तर प्रमाणपत्रासाठीं आलेलाही रमतो.

सबब शेतकरी संघाच्या सर्व शाखांस, विकास सोसायट्यांस व ग्रामपंचायतींस आमची सूचना अशी. महाविद्यालयें उघडण्यापूर्वीं, ज्येष्ठांतच, गांवानें बसून आपल्या कामांची यादी करावी. प्रत्येक कामापुढें त्याचा महिना, लागणारी माणसें व जबाबदार गांवकऱ्याचें नांव लिहावें. आणि ती यादी घेऊन दोन वडीलधाऱ्यांनीं स्वतः प्राचार्यांस भेटावें. पांच विद्यार्थ्यांमागें एक शेतकरी कामावर हजर असावा. मुलींच्या निवासाची व स्वच्छतागृहाची सोय आधीं पाहावी, आणि नाशिक रस्त्यावरील अवजड वाहनांची वर्दळ लक्षांत घेऊन येण्याजाण्याची व्यवस्था करावी. विहिरींची व मातीची वही सोसायटीच्या कचेरींत राहावी, कोणाच्या घरीं नव्हे. आणि ती दरवर्षीं ग्रामसभेंत वाचून दाखवावी, म्हणजे पुढील सालचे विद्यार्थी तेथूनच पुढें काम चालवितील.

इर्जिकेची परतफेड मात्र विसरूं नये. आपण विद्यार्थ्यांस काय देऊं शकतों? अन्न तर देऊंच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जमिनीची ओळख. या महाविद्यालयांतून आपलींच पुष्कळ मुलें शिकत आहेत. त्यांपैकीं किती जणांस आपल्या विहिरीचा तळ काळ्या खडकाचा आहे कीं मुरमाचा, हें ठाऊक आहे? जमिनीचा भाव त्यांस गुंठ्यावारी तोंडपाठ असतो. जमीन मात्र अनोळखी राहते. जो मुलगा एकदां मोजपट्टा घेऊन विहिरीच्या कांठावर उभा राहिला, तो उद्यां कारखान्यांत गेला तरी सातबाऱ्यावर सही करण्यापूर्वीं क्षणभर थांबून विचार करील. एवढें झालें तरी ही इर्जिक फुकट गेली असें आम्ही म्हणणार नाहीं.