'शेतकरी'मधला 'करी'

'शेतकरी'मधला 'करी' आणि पुणेकर, भोरकर यांमधला 'कर' एकच, हे मत पटण्याजोगे नाही. भोरकर म्हणजे भोरचा रहिवासी. शेतकरी म्हणजे शेत करणारा. वारी करणारा तो वारकरी, कष्ट करणारा तो कष्टकरी. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यात भातासाठी राब भाजणे (रोपांची जमीन भाजून तयार करणे), तरवा (रोपे) उपटणे, चिखलणी, आवणी (लावणी) हे सारे 'शेतकरी'मधल्या 'करी'त येते. अपवाद 'गावकरी'चा: गाव कोणी करत नाही, गावात राहतो. महात्मा फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'ने (१८८३) आणि पुढे १९४७मध्ये स्थापन झालेल्या शेतकरी कामगार पक्षाने 'शेतकरी' हा साधा जोडशब्द राजकीय विचारात रुजवला.

– एक वाचक, गुंजवणे