गाडी पकडण्यासाठीची गाडी

फरीदाबाद हे दिल्ली–मुंबई लोहमार्गावरचे स्थानक आहे. तरीही येथून मुंबईस निघालेला प्रवासी पुष्कळदा आधी सुमारे वीस किलोमीटर उत्तरेस, हजरत निजामुद्दीनला जातो आणि तेथे गाडीत बसून पुन्हा फरीदाबादवरूनच दक्षिणेकडे येतो. ऑगस्ट क्रांती राजधानीसारख्या गाड्या निजामुद्दीनहून सुटतात व फरीदाबादला न थांबता पुढे जातात. आपलेच गाव खिडकीतून मागे पडताना पाहण्याचा हा योग बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

प्रश्न आहे तो या वीस किलोमीटरांचा. मुंबईत वाढलेल्या माणसाच्या मनात दादरचे चित्र असते. लोकलमधून उतरावे, पूल चढावा आणि मेलच्या फलाटावर उतरावे. त्यामुळे फरीदाबादला आल्यावरही तो सहजच पलवलकडून येणाऱ्या उपनगरीय गाडीचा विचार करतो. तिकीट अत्यंत स्वस्त, प्रवास थेट आणि उतरायचे ते निजामुद्दीनच्या स्थानकातच. कागदावर यापेक्षा सोयीचे काही नाही. परंतु ही गाडी मुंबईच्या लोकलसारखी दर काही मिनिटांनी येत नाही. ती प्रामुख्याने चाकरमान्यांच्या वेळा सांभाळते. सकाळी तिच्यात ट्रंक घेऊन शिरणे हे धाडसच ठरते आणि दुपारी एक गाडी चुकली तर दुसरीची वाट पाहण्यात मूळ गाडी निघून जाऊ शकते.

मेट्रोचा मार्ग याउलट वळणाचा आहे. व्हायोलेट मार्गिका ६ सप्टेंबर २०१५ रोजी बदरपूरहून एस्कॉर्ट्स मुजेसरपर्यंत आली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये बल्लभगढला पोहोचली. तेथील अंतिम स्थानकास १८५७ च्या उठावात सहभागी झालेल्या व पुढे चांदणी चौकात फाशी दिल्या गेलेल्या राजा नाहर सिंह यांचे नाव आहे, हे जाता जाता सांगण्याजोगे. निजामुद्दीनसाठी लाजपतनगरला उतरून पिंक मार्गिका घ्यावी लागते. विनोबापुरी आणि आश्रम ही स्थानके मागे टाकली की सराय काले खाँ–निजामुद्दीन येते. पिंक मार्गिकेचा हा भाग २०१८ च्या अखेरीस सुरू झाला. भाडे अधिक, मध्ये एक बदल, सरकते जिने, सामानाची तपासणी आणि वजनाची मर्यादाही. तरीसुद्धा माझे मत मेट्रोच्याच बाजूने आहे. एक मेट्रो हुकली तर नुकसान काही मिनिटांचे होते, एक उपनगरीय गाडी हुकली तर कदाचित संपूर्ण प्रवासाचे. जोडगाडी निवडताना अंतर, भाडे किंवा थेटपणा यांपेक्षा ‘पुढची गाडी केव्हा?’ हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर येथे व्याजदरापेक्षा तरलता मोलाची.

वृद्ध आईवडील सोबत असतील तर मात्र मी मेट्रोही सुचवणार नाही. पंजाब मेलसारखी फरीदाबादलाच थांबणारी गाडी पाहावी. ती राजधानीपेक्षा पुष्कळ सावकाश आहे, मान्य. पण लाजपतनगरचे जिने वाचतात. दिल्लीहून काढलेल्या आरक्षणातही गाडीत चढण्याचे स्थानक आधी कळवून बदलता येते. एकदा बदलल्यावर मूळ स्थानकावर चढण्याचा हक्क राहत नाही, हे तेवढे ध्यानात ठेवावे. मथुरेपर्यंत जाऊन तेथून गाडी धरण्याचा पर्यायही काही जण सुचवतात. कोट्याकडचा आणि आग्र्याकडचा मार्ग तेथे वेगळा होतो, म्हणून गाड्यांची निवड वाढते खरी. परंतु तेवढ्यासाठी शंभराहून अधिक किलोमीटर जाणे मला पटत नाही.

येथे एक न्यायाचा मुद्दाही आहे. रेल्वेने १ एप्रिल २०१९ पासून दोन जोडगाड्यांची आरक्षणे परस्परांशी जोडण्याची सोय केली. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली तर दुसरीच्या न झालेल्या प्रवासाचे भाडे, अटींच्या अधीन, परत मिळते. ही सोय आरक्षित तिकिटांची. उपनगरीय गाडीच्या अनारक्षित तिकिटाला ती लागू नाही आणि मेट्रो तर निराळीच संस्था. रोजच्या तिकिटावर पहिला टप्पा करणाऱ्या प्रवाशाची गाडी दुसऱ्याच्या विलंबामुळे सुटली तर आरक्षणाचे पैसे सामान्यतः बुडतात. त्याच रेल्वेची, त्याच रुळावरची उपनगरीय गाडी उशिरा धावली, तर तो विलंब का मोजू नये? आज या तिकिटांचीही नोंद संगणकावर असते आणि गाडी कोणत्या स्थानकात किती वाजता पोहोचली हेही रेल्वेस ठाऊक असते. निदान एकाच रेल्वेच्या दोन गाड्यांपुरता तरी हा नियम विस्तारता यावा. तोपर्यंत फरीदाबादहून निजामुद्दीनला निघणाऱ्यांनी हातात किमान दीड तास अधिक ठेवावा. बदरपूरच्या वाहतुकीचा भरवसा धरून टॅक्सीने निघणाऱ्यांनी त्याहूनही अधिक.