आमची दांडीयात्रा

जी वस्तू स्वस्त असते, साधी असते आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार काम करते, तिच्यावर सुधारकांचा नेमका डोळा असतो. दौत गेली, टाक गेला, खटक्यांचा टेलिफोन गेला. मी चकार शब्द काढला नाही. पण हल्लीच्या काही भारी मोटारींतून इंजिनाचं ऑईल बघायची दांडीच काढून टाकली आहे असं कळलं, आणि माझ्यातला कारकून पेटून उठला. कारकून पेटत नाही अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. तो पेटतो, पण चहाच्या सुटीत.

ज्यांनी आजवर गाडीचं बॉनेट फक्त मेकॅनिकला उघडताना पाहिलं आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनाच्या अंगात एक बारीक लवचिक पट्टी खोवलेली असते. इंग्रजीत डिपस्टिक, आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकच्या भाषेत गेज आणि आमच्या घरात दांडी. गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन बंद करायचं, तेल खाली उतरायला पाच-दहा मिनिटं द्यायची. मग दांडी उपसायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि बाहेर काढून बघायची. तेलाची ओल खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये असली, की मालकानं निर्धास्त जेवायला जावं. बऱ्याच गाड्यांत या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे साधारण १ लिटर तेल. बास! एवढं शास्त्र चौथीतल्या मुलालाही कळतं, आणि बँकेच्या ऑफिसरलाही समजावून सांगता येतं.

शिवाय दांडी नुसती पातळी सांगत नाही. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. पेट्रोलचा वास आला तर भानगड निराळी. बोटांना कचकच लागली तर मेकॅनिकची आणि तुमची लवकरच भेट आहे. एवढी माहिती देणाऱ्या या बाईला ना वायर लागते, ना बॅटरी, ना पगारवाढ.

आता नवी तऱ्हा ऐका. २००५ साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या ३ सिरीजमधल्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनांना दांडी नव्हती. पुढे इतरांनीही तोच कित्ता गिरवला. तेलाच्या टाकीच्या तळाशी सेन्सर बसवतात. काहींमध्ये तापवलेली तार किती वेळात निवते यावरून, तर काहींमध्ये ध्वनिलहरी तेलाच्या पृष्ठभागावर आपटून किती वेळात परत येते यावरून पातळी काढतात. बुद्धी अफाट, यात शंका नाही. विहिरीत वाकून बघण्याऐवजी खडा टाकून गणित मांडण्यातला हा प्रकार.

आमच्या मेहुण्यानं अशीच एक गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. मेहुणा माझा आहे, कंपनी नव्हे.

"भावजी, दांडीबिंडी विसरा आता. सगळं स्क्रीनवर."

आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. पडदा म्हणाला, मोजमाप सध्या उपलब्ध नाही, आधी गाडी चालवून इंजिन गरम करा.

"म्हणजे तेल आहे की नाही हे कळायला गाडी चालवायची?" मी विचारलं.

"हो."

"आणि तेल नसलंच तर?"

"तर दिवा लागेल ना, भावजी!"

इथेच खरी मेख आहे. तेलाच्या झारीचं चित्र असलेला तो लाल दिवा पातळीचा नसतो, तेलाच्या दाबाचा असतो. तो लागेपर्यंत दाब गेलेला असतो, आणि त्यानंतर गाडी रेटली तर इंजिनही जातं. पातळीची सूचना निराळी येते, पण ती देणार कोण? तोच सेन्सर! साक्षीदारही तोच, न्यायाधीशही तोच. उद्या तोच आजारी पडला तर अपील करायचं कुठल्या कोर्टात?

मी बी.कॉम. आहे आणि जन्म बँकेत काढतो आहे, म्हणून सांगतो. आमच्याकडे संगणक शिल्लक दाखवतो, नोटा मोजायला यंत्र आहे, तरी संध्याकाळी रोकड प्रत्यक्ष मोजून पुस्तकाशी ताडून पाहतातच. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांच्या हातात. कुणाचा कुणावर विश्वास नाही म्हणून नव्हे. एकाच आकड्यावर विसंबायचं नाही, एवढंच. फार कशाला, पेट्रोल पंपावर जाऊन बघा. जमिनीखालच्या टाकीत किती माल आहे हे सांगणारी यंत्रं आली, तरी डिप रॉड टाकून बघायची पद्धत अजून आहे. म्हणजे तेल विकणाऱ्याच्या हातात दांडी आणि तेल विकत घेणाऱ्याच्या हातात रिमोट! हा कुठला न्याय?

दुसरी बाजूही ऐकून घेऊ. ते म्हणतात, लोक दांडी बघतच नाहीत. सेन्सर निदान लक्ष तरी ठेवतो. कबूल! माझ्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्यांची बॉनेटं मुंजीच्या सोवळ्यासारखी अस्पर्श आहेत. पण काही लोक हिशेब बघत नाहीत म्हणून सगळ्यांची पासबुकं काढून घेतो का आपण? सेन्सर ठेवा, खुशाल ठेवा. त्याच्या शेजारी दांडीही ठेवा. आणि गंमत अशी, की ऑडीच्या काही गाड्यांत दांडीची नळी शाबूत आहे, वर नुसतं बूच मारलंय. मोजायची खास दांडी वर्कशॉपच्या हत्यारांत असते. म्हणजे दांडी नामशेष झालेली नाही. तिची फक्त बदली झाली आहे, मालकाच्या हातातून वर्कशॉपच्या कपाटात.

विजेच्या मोटारीबद्दल माझी तक्रार नाही. तिच्यात इंजिनच नाही, तर इंजिनाचं तेल कुठलं? पण ज्या घरात तूप आहे, तिथे बरणीत डोकावायची गृहिणीला बंदी असू नये.

तोवर ज्यांच्या नशिबी बिनदांडीची गाडी आहे, त्यांनी एवढं करावं. गाडीचं पुस्तक वाचावं. सपाट जागेवर, पुस्तक सांगेल तशा अवस्थेत, महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी पातळी पडद्यावर बघावी. योग्य ग्रेडचं १ लिटर तेल डिकीत ठेवावं. कमी दाखवलं तर थोडं थोडं घालावं, पुन्हा मोजावं; जास्त झालेलं तेल फेसाळतं आणि तेही इंजिनाला बाधतं. गाडीखाली फरशीवर डाग पडलाय का ते सकाळी बघावं. आणि लाल दिवा लागला, की घर कितीही जवळ असो, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद!

१९३० साली महात्माजी दांडीला चालत गेले आणि मूठभर मीठ उचललं. आपल्याच समुद्राचं मीठ उचलायला दुसऱ्याची परवानगी का, एवढाच सवाल होता. माझी मागणी त्याहून पुष्कळ लहान आहे. मीठ राहू द्या. माझ्या पैशानं घेतलेल्या गाडीतलं माझं तेल, माझ्याच डोळ्यांनी बघायला मला फूटभर दांडी द्या. पुसायचं फडकं मी घरून आणीन.