मनगट दुखते? माऊसला थोडी विश्रांती द्या!

परवा चाळिशीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, उजवं मनगट ठणकतंय. वात तर नाही ना?" तपासले, संधिवाताची लक्षणे नव्हती. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. त्या दिवसभर संगणकावर अर्ज भरतात. महिन्यापूर्वी कार्यालयात विंडोज जाऊन लिनक्स आले. आपल्या सवयीच्या कळा इथे चालणार नाहीत, काहीतरी बिघडेल, या धास्तीने त्यांनी सगळे काम माऊसवर सुरू केले होते.

वाचकहो, माऊस तासन्‌तास धरला की मनगट मागे वाकलेले राहते, हात खांद्यापासून ताणलेला राहतो आणि त्याच त्या स्नायूंवर भार पडतो. दुखणे तिथून सुरू होते.

खरे तर भीतीचे कारण नव्हते. मागे फिरणे, कापणे, नक्कल आणि चिकटवणे यांसाठी झेड, एक्स, सी, व्ही ही शेजारशेजारची अक्षरे १९८४ च्या मॅकिंटॉशवर होती. पुढे विंडोज आणि लिनक्सनेही तीच घेतली. विंडोज व बहुतेक लिनक्समध्ये ती कंट्रोलबरोबर दाबायची. ऑल्ट-एफ ४ ने खिडकी बंद होते, ऑल्ट-स्पेसबारने तिचा मेनू उघडतो. मॅकवर मात्र कंट्रोलच्या जागी कमांड. ही कळ स्पेसबारला लागून असल्याने अंगठ्याने दाबता येते. कंट्रोलसाठी करंगळी ताणावी लागते. म्हणून शक्य तेव्हा एक कळ एका हाताने, दुसरी दुसऱ्या हाताने दाबावी.

माझे स्पष्ट मत असे, की नवा संगणक देताना कार्यालयाने अशा दहा-बारा कळांचा कागदही द्यावा. संगणकाच्या क्लासमध्येही हे पहिल्याच आठवड्यात शिकवावे. मलम आणि रजेपेक्षा तो कागद स्वस्त पडेल.

अर्थात कळा म्हणजे औषध नव्हे. अर्ध्या तासाने उठावे, हात मोकळे करावेत. रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होत असेल, तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. त्यामागे मधुमेह किंवा थायरॉईडही असू शकतो.

त्या बाईंनी दहा कळा पुठ्ठ्यावर लिहून टेबलावर चिकटवल्या. तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा दुखणे पूर्ण गेले नव्हते. पण पोळ्या लाटता येऊ लागल्या होत्या.