बेल्लमपल्लीची हजेरी वाचवा

कोळशाच्या खाणीला तेलुगू माणूस 'बोग्गु बावी' म्हणतो. बोग्गु म्हणजे कोळसा आणि बावी म्हणजे विहीर, आपल्याकडच्या बाव-बावडीची सख्खी बहीण. विहीर आटली की गाव ती बुजवते, पण कोणी खणली आणि कोणी किती वर्षे शेंदली हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते. म्हातारे गेले की तेही बुजते. तेलंगणातल्या बेल्लमपल्ली या खाणगावात आज नेमके हेच चालले आहे. बल्हारशा, राजुरा, चंद्रपूरच्या वाचकांना ही कैफियत सांगायची आहे, ती म्हणूनच.

बल्हारशाहून काझीपेटकडे निघालेली गाडी सिरपूर कागजनगर, आसिफाबाद रोड, रेचनी रोड मागे टाकून बेल्लमपल्लीला पोचते. 2016 पासून हे गाव मंचेरियाल जिल्ह्यात आहे, पण जुन्या माणसांच्या तोंडी आदिलाबादच. ते आदिलाबाद आपल्यालाही परके नाही. राज्य पुनर्रचनेपर्यंत, म्हणजे 1956 पर्यंत, राजुरा तालुका त्याच जिल्ह्यात होता. सास्तीचा कोळसा आणि बेल्लमपल्लीचा कोळसा एकाच निजामाच्या मुलखातला. मधली सीमारेषा नंतर आली.

बेल्लमपल्लीच्या खाणी 1920 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाल्या. 1929 मध्ये काझीपेट-बल्हारशा मार्ग पुरा झाला आणि दिल्ली-मद्रास थेट जोडले गेले. दक्षिण-उत्तर धावणाऱ्या गाड्यांच्या वाटेवरच इंजिनाचे खाद्य निघू लागले. दहा वर्षांत दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा या योगायोगाची किंमत कळली.

6 एप्रिल 1942 रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. त्याच दिवसांत बंगालच्या उपसागरात मालवाहू जहाजे बुडत होती. बंगाल-बिहारचा कोळसा कलकत्त्याहून जहाजाने मुंबई-मद्रासला जायचा. समुद्र धोक्याचा झाला, तसा तो भार रेल्वेवर आला. आणि रेल्वेची स्वतःची इंजिने, डबे, रूळ युद्धासाठी पश्चिम आशियात रवाना झालेले. त्यातच 1943 मध्ये देशातले कोळशाचे उत्पादन घसरले, कारण लष्करी बांधकामावर जास्त मजुरी मिळू लागल्याने खाणीतली माणसे तिकडे वळली. अशा वेळी दख्खनच्या पोटातला, दक्षिणेला जवळ पडणारा कोळसा किती मोलाचा झाला असेल, याचा हिशेब अवघड नाही. बेल्लमपल्लीच्या उत्तरेला कागजनगरची कागद गिरणीही 1942 मध्ये, ऐन युद्धात सुरू झाली. रेल्वे, वीज, गिरणी, कागद, सगळ्यांचा पहिला घास कोळशाचा.

सरकारलाही हे कळले होते. 1945 च्या कोलियरी कंट्रोल ऑर्डरने कोणता कोळसा कोणाला आणि काय दराने मिळायचा, हे सरकारच्या हाती आले. ही पद्धत इतकी मुरली की नवा आदेश यायला 2000 साल उजाडावे लागले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादच्या कोळसापट्ट्यात गेले आणि स्वतः खाणीत उतरले. 1944 मध्ये खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. पण कोळशाच्या त्याच टंचाईपोटी बायकांना भूमिगत काम करायला असलेली बंदीही उठवावी लागली, आणि कायदेमंडळात त्या निर्णयाचे उत्तर बाबासाहेबांना द्यावे लागले. ती बंदी 1946 मध्ये पुन्हा आली. लढाईच्या काळात देश चालू ठेवण्याची किंमत कोणाच्या पाठीवर पडते, हे या एका निर्णयात दिसते.

हे सगळे ब्रिटिश मुलखातले, म्हणून कागदावर आहे. बेल्लमपल्ली निजामाच्या राज्यात. तिथल्या पाळीवर कोण गेले, कोण दबून मेले, कोणत्या घरच्या बाईने मागे संसार ओढला, हे कुठे सापडायचे? सिंगरेणी या खाण कंपनीच्या हजेरीपटात, अपघाताच्या नोंदवहीत, उर्दूतल्या दप्तरांत आणि माणसांच्या आठवणीत. यातले किती शिल्लक आहे आणि किती रद्दीत गेले, हे आज कोणी मोजत नाही.

दुसरीकडे काय झाले, तेही पाहू. डिसेंबर 1943 पासून ब्रिटनने सैन्यभरतीला आलेल्या तरुणांतले काही चिठ्ठी टाकून कोळसा खाणींत धाडले. मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावावरून त्यांना 'बेव्हिन बॉइज' म्हणत. सुमारे 48 हजार होते ते. अंगावर गणवेश नाही म्हणून रस्त्यात त्यांना पळपुटे म्हणून हिणवले जाई. युद्ध संपल्यावर पदके सैनिकांना मिळाली, यांना नाही. पण ही माणसे आणि त्यांची मुले गप्प बसली नाहीत. आठवणी लिहिल्या, कागद जमवले, मागणी लावून धरली आणि 2008 मध्ये हयात असलेल्यांना सरकारने सन्मानचिन्ह दिले. साठ वर्षांनी का होईना, मिळाले. कारण मागायला पुरावा होता.

आपल्याकडे 7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. भोंगे वाजले, दिवे घालवले गेले. शहरात भोंगा वाजला की माणसे आडोसा शोधतात. खाणीच्या गावात भोंगा वाजला की माणसे डबा घेऊन घराबाहेर पडतात. युद्धात हे दोन्ही भोंगे एकाच वेळी वाजत असतात. पहिल्याची आपण तालीम केली. दुसरा ज्यांनी ऐकला, त्यांना कोणी काही विचारले नाही. 2022 पासून युक्रेनची वीजघरे क्षेपणास्त्रांच्या माऱ्याखाली आहेत. तिथेही देश तगून आहे तो वीज दुरुस्त करणाऱ्या, गाड्या हाकणाऱ्या आणि खाणीत उतरणाऱ्या माणसांमुळे.

आता वेळेचे गणित. 1943 मध्ये खाणीत उतरलेला विशीतला गडी आज शंभरीपार असता. ती पिढी गेली. तिच्याकडून ऐकलेले सांगणारी मुले सत्तरी-ऐंशीत आहेत. 1965 आणि 1971 च्या युद्धांत पाळी केलेले कामगारही त्याच वयात. गावाला नाव मिळवून देणाऱ्या जुन्या भूमिगत खाणी एकेक करून मिटल्या. सिंगरेणीचा बहुतेक कोळसा आता उघड्या खाणींतून निघतो, 2023-24 मध्ये तो सात कोटी टनांच्या घरात गेला. कंपनी मोठी झाली, गाव मात्र ओसरत गेले. क्वार्टर सोडून गेलेल्या कुटुंबाबरोबर ट्रंकेतले कागदही जातात.

म्हणून मागणे चार गोष्टींचे.

पहिले घरच्यांना. पितळी टोकन, पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र, खाणीच्या तोंडाशी काढलेला फोटो, काहीही टाकू नका. फोनवर फोटो काढा. मूळ कागदाच्या मागे पेन्सिलीने नाव, खाण, काम आणि साल लिहा.

दुसरे तरुणांना. घरातल्या किंवा शेजारच्या निवृत्त खाण कामगारापुढे फोन ठेवा आणि त्यांना बोलू द्या. युद्धात पाळी वाढली होती का? रेशन मिळत होते का? भीती कशाची वाटायची, बॉम्बची की छताची? तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी, ज्या भाषेत बोलतील त्याच भाषेत.

तिसरे आपल्या महाविद्यालयांना. चंद्रपूर, राजुरा, बल्लारपूरच्या इतिहास विभागांनी आणि गोंडवाना विद्यापीठाने वरंगलच्या काकतीय विद्यापीठाचा हात धरावा. सीमेमुळे ही कहाणी दोघांच्या हातून निसटते आहे. प्रत्येकाला ती दुसऱ्याची वाटते.

चौथे सिंगरेणीला. जुने हजेरीपट, खाणींचे नकाशे, अपघातांच्या नोंदी रद्दीच्या भावात जाऊ देऊ नका. हैदराबादच्या तारनाक्यात राज्याचा दप्तरखाना आहे, तिथे हे सगळे सोपवा. आणि बेल्लमपल्लीत जुन्या खाणीचे जे काही अजून उभे आहे, त्यातले एक तरी पाडू नका.

तेलंगणात सिंगरेणीच्या कामगारांना 'नल्ल सूर्युलु' म्हणतात, काळे सूर्य. नाव सुंदर आहे, पण नावाने हजेरी लागत नाही. 23 डिसेंबर 1920 रोजी कंपनीला सिंगरेणी हे नाव मिळाले आणि दर वर्षी तो दिवस तिथे साजरा होतो. येत्या 23 डिसेंबरपर्यंत, वाचकहो, तुमच्या ओळखीतल्या एका तरी म्हाताऱ्या खाण कामगाराच्या घरी जा, तासभर बसा आणि त्याचे बोलणे टिपून आणा.